रोजच्या नळीतलं काजळ

प्रिय वाबेत,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीनं. वडिलांनी मला बोरू धरायला शिकवला तेव्हा पत्र असंच सुरू करायचं म्हणून बजावलं होतं, आणि हात अजून त्यांचंच ऐकतो. मनाचं विचारशील तर मला तुझा इतका राग आलाय, की तू जिवंत असतीस तर पाण्याची गाढवं येतात तिथं, अख्ख्या गल्लीच्या देखत तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या. गेलेल्या माणसाला पत्र लिहायचं तर आधी गोड बोलावं, भाकरी-दारूची आठवण करून द्यावी आणि मग हळूच गाऱ्हाणं पुढं सरकवावं, अशी आपल्याकडची रीत. मी ती पाळणार नाही. भाकरी तुला दर सणाला मिळते, जवाची दारूही मिळते, दोन्ही माझ्याच हातची. तेव्हा थेट गाऱ्हाणंच ऐक.

तुझ्या लेकीचे, नुबेतचे डोळे चाललेत.

कांद्याच्या माळांचा सण झाला आणि त्यानंतर सुरुवात झाली. आधी नुसती खाज. मग सकाळी पापण्या चिकटायला लागल्या. आता उन्हाकडं बघवत नाही, दिवसभर जिन्याखालच्या अंधारात बसून असते, आणि उजव्या बुबुळावर दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरलंय. मी काय केलं नाही सांग. मध घातला. बैलाची कलेजी भाजून तिचं पाणी घातलं. मुलगा झालेल्या बाईचं दूध लागतं म्हणाले, तर शेजारणीच्या दारात वाटी घेऊन उभी राहिले. तिनं दूध दिलं आणि वर चार शब्दही ऐकवले, तेही घेतले. गुण येईना तेव्हा सासूबाईंनी जाणतीला बोलावलं. जाणतीनं पोरीच्या डोळ्यांत नीट पाहिलंसुद्धा नाही. हात धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, “पश्चिमेला, मेलेल्यांच्या देशात गेलेली बाई अस्वस्थ आहे. तिची वस्तू तिला मिळालेली नाही. ती शोधत येते.”

सासूबाईंना एवढंच हवं होतं. “काजळदाणी!” त्या केवढ्यानं ओरडल्या, वरच्या घरांतून बायका वाकून बघायला लागल्या. “मी तेव्हाच सांगत होते. माझ्या सुनेची काजळदाणी तिच्याबरोबर जायला हवी होती. हिनं ठेवून घेतली. आधी काजळदाणी घेतली, मग नवरा घेतला, आता पोरीचे डोळे घालवते आहे.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “सासूबाई, वाबेतनं ती स्वतःच्या तोंडानं नुबेतला दिली.” तर म्हणतात कशा, “ऐकलं कुणी? तू एकटीनं! आणि त्याच्यावर अक्षरं कुणाच्या हातची? तुझ्याच. तेव्हापासूनच हिची नजर होती गं बायांनो त्यावर.”

अक्षरं माझ्या हातची आहेत, हे खरं. तुला तो दिवस आठवतो का? तुमचं लग्न नवं होतं. पाशेदनं कुठून तरी काळ्या लाकडाचा तुकडा पैदा केला होता आणि दर सुट्टीला उंबऱ्यात बसून तो कोरत बसायचा. चार नळ्या एकमेकींना लागून, आणि त्या चौघींना पोटाशी धरून उभा असलेला ठेंगू बेसदेव, गुडघे वाकवलेले, जीभ बाहेर. डोळ्यांच्या जागी हस्तिदंताचे कण. पाशेद म्हणाला, हा बाळंतिणीला राखतो, पोराबाळांना राखतो, वाईट नजरेला जीभ दाखवून पळवतो. तू बेसचा चेहरा निरखून बघितलास, मग माझ्याकडं बघितलंस, आणि आपण दोघी जे हसत सुटलो ते थांबेचना. कारण तो बेस हुबेहूब सासूबाई होता! तेच फुगलेले गाल, त्याच भुवया. पाशेदनं मुद्दाम केलं की हात आपसूक गेला, ते त्यानं आजवर कबूल केलेलं नाही. गंमत बघ, सासूबाईंना अजून पत्ता नाही. गेले कित्येक दिवस त्या याच काजळदाणीपुढं धूप जाळून हात जोडतायत, आणि मी तोंडावर पदर धरून रडते आहे असं त्यांना वाटतं.

मग तू म्हणालीस, “हुनेरो, तू लिही ना यावर. पाशेदला लाकूड कळतं, अक्षर कळत नाही.” मी शाईनं लिहिलं, त्यानं त्यावरून कोरलं. पहिल्या नळीवर पुराचे दिवस, दुसरीवर पेरणीचे, तिसरीवर कापणीचे. ज्या त्या हंगामाचं काजळ ज्या त्या नळीत, डोळ्यांना सोसेल असं. चौथीवर काय लिहायचं म्हटल्यावर तू म्हणालीस, “लिही, रोजचं.” तुझं सगळं असंच. हंगाम वगैरे तुला मानवायचे नाहीत. बाकी तिन्ही नळ्या कोऱ्या राहायच्या आणि बारा महिने तू त्या चौथीतच सळई बुडवायचीस.

आता त्या दिवसाचं बोलू, ज्याचं बोलायला मला कधी कुणी जागाच ठेवली नाही. दुसऱ्या बाळंतपणात तू दोन विटांवर उकिडवी बसली होतीस आणि बाळ येत नव्हतं. सुईण गरम पाणी आणायला खाली गेली. सासूबाई दाराबाहेर तावेरेत देवीला हाका मारत होत्या. खोलीत आपण दोघीच. तू माझं मनगट असं आवळलंस की नंतर कितीतरी दिवस तिथं काळंनिळं होतं. म्हणालीस, “माझी काजळदाणी माझ्याबरोबर नका घालू. नुबेतला दे. तिला माझं काहीतरी हाताला लागू दे.” मी म्हटलं, गप बस, असलं बोलू नकोस. आणि मग तू खरंच गप बसलीस. बाळही गेलं.

तोंड उघडायचंच होतं तर चार माणसांत का नाही उघडलंस गं? सासूबाईंना आत बोलावून का नाही सांगितलंस? सुईण यायची वाट बघायची होतीस. तुझी निरवानिरव एका वाक्यात झाली आणि माझ्या गळ्यात चोरीचा आळ जन्माचा बांधला गेला. तुला पुरायला नेताना पाशेदनं विचारलं, काजळदाणी कुठं आहे. मी सांगितलं, नुबेतला दिली तिनं. त्यानं मान हलवली. सासूबाईंनी नाही हलवली. तुझ्याबरोबर मग दगडाची एक साधी कुपी गेली. पुढं मी पाशेदच्या घरात आले, कारण ती पोर माझ्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती आणि पाशेदही चांगला माणूस आहे. गावानं त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. मी लावू दिला. काजळदाणी कोनाड्यात राहिली. तीन हंगामांचं काजळ मी दरवर्षी स्वतः कुटून, चाळून, चरबीत घोटून भरत आले. चौथ्या नळीला मात्र हात लावला नाही. त्यात तुझं उरलेलं होतं, वाळून खडखडीत झालेलं.

तर जाणती येऊन गेली आणि गावात ठरलं, की आता खोऱ्याचा सण येतोय, घरोघरची माणसं आपापल्या थडग्यांकडं जेवायला चढतील, तेव्हाच तुझ्या थडग्यात उतरायची बुजवलेली विहीर उकरायची, खाली उतरायचं आणि काजळदाणी तुझ्या उशाशी ठेवायची. पाशेद कामाच्या वरच्या वस्तीवरून सुट्टीला आला तेव्हा मला वाटलं हा तरी बोलेल. हा जेवला. खारवलेला मासा दोनदा मागून घेतला. मग म्हणाला, “देऊन टाकूया. आई म्हणते तर.” मी म्हटलं, “म्हणजे तुझाही माझ्या शब्दावर विश्वास नाही?” तर भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणतो, “आहे. पण हुनेरो, डोळे पोरीचे आहेत.” मला त्याचा असा राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. पोरीचे डोळे उघडत असतील तर मी माझ्या अब्रूसकट ती काजळदाणी खाली टाकायला तयार होते. चोर तर चोर. मनात म्हटलं, वाबेत, तूच दिलीस आणि तूच परत मागतेस, तेही लेकराचे डोळे पिळून! तुझ्यासारखी बाई मी पाहिली नाही.

आणि आठेक दिवसांमागं एका सकाळी मी ती कोनाड्यातून काढायला गेले. हल्ली मला चवड्यांवर उभं राहून हात पुरवता येत नाही, म्हणून पाट ओढत होते. तेवढ्यात ही जिन्याखालून आली. दिसत नाही नीट, भिंतीला हात लावत लावत आली आणि माझ्या अंगावर झेपावली. “नाही द्यायची! माझी आहे!” माझ्या हाताला चावली, वाबेत. अजून दात उठलेले आहेत. झटापटीत काजळदाणी जमिनीवर पडली, चौथ्या नळीचं बूच निघालं, आणि मी बघते तर नळी ओली. आत ताजी खरवड. तुझ्या सळईच्या टोकाला थुंकीत कालवलेलं काळं, खवट वासाचं काहीतरी, आणि पोरीच्या पापण्यांच्या आत तेच. मी रोज सकाळी तिचे डोळे पुसत होते आणि त्याआधीच ती रोज पहाटे त्याच पाटावर चढून ते पुन्हा भरत होती.

मी हात धरून विचारलं, का गं, का? हात सोडवून घ्यायला बघत होती. मग म्हणाली, “आजी म्हणाली होती.” सासूबाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, “मी? मी काय म्हणाले?” मग हळूहळू सगळं निघालं. कांद्याच्या माळांच्या सणाला आपण सगळे तुझ्या थडग्याच्या ओवरीत गेलो होतो, तेव्हा सासूबाईंनी रीतीप्रमाणं भिंतीवरच्या तुझ्या चित्राच्या डोळ्यांत काजळ घातलं. तुझंच म्हणून मुद्दाम चौथ्या नळीतलं, तुझ्याच सळईनं. आणि नातीला उचलून म्हणाल्या, “बघ, हे लागलं की तुझी आई तुला बघते.” सगळ्या आज्या असंच म्हणतात. आपल्यालाही म्हणत. पण तुझी लेक तुझ्यासारखीच, ऐकलेलं सरळ कामाला लावणारी. तिनं विचार केला, हे घातल्यावर आईला मी दिसते, तर मी घातल्यावर मला आई दिसेल.

मी विचारलं, “मग दिसली?”

“नाही दिसत,” ती म्हणाली. “म्हणून रोज जास्त घालते.”

सासूबाई खाली बसल्या. मी पोरीला म्हटलं, अगं, आई बघायची तर भिंतीवर आहे ना, एवढी सुरेख काढली आहे. तर म्हणते, “ती आई नाही. ती शेजारच्या थडग्यातल्या बाईसारखीच आहे. सगळ्यांच्या आया सारख्याच काढल्यात.” मी चिताऱ्याची मुलगी. माझ्याच वडिलांनी काढलंय ते. तोच केसांचा टोप, तेच नाक, तेच कमळ हातात. तुझा पुढचा अर्धा तुटलेला दात त्यात नाही. आपण गावकुसावरून पडलो तेव्हा तुटलेला. भिंतीवर कुणाचाच दात तुटत नाही. “मला तिचा चेहरा आठवत नाही,” नुबेत म्हणाली. अगदी साधेपणानं म्हणाली, काहीतरी हरवल्यासारखं. आणि मग भिंतीकडं तोंड करून झोपली.

म्हणून आता खरं गाऱ्हाणं सांगते. गाव म्हणतंय तू चिडून येतेस. जाणती म्हणते तू शोधत येतेस. आणि खरं हे आहे की तू येतच नाहीस! एकदाही नाही. ते पोरगं महिनोन्‌महिने डोळ्यांत विष भरून तुझी वाट बघत बसलं, आणि तुला साधं स्वप्नात डोकवावंसं वाटलं नाही? त्या पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला त्याची मेलेली शेळी स्वप्नात येते. तुला लेकीकडं यायला काय झालं? तिथं पिकं उंच, पाणी गोड, कुणी हाक मारत नाही, असं म्हणतात. बस मग आरामात. इथं आम्ही आहोतच निस्तरायला.

मी काय केलं ते सांगते, मग कुरकुर नको. चौथी नळी मी खरवडून काढली, राखेनं घासली, तीनदा धुतली आणि उन्हात पालथी ठेवली. विहीर उकरायची नाही, हे सासूबाईंनी स्वतः सगळ्या गल्लीला सांगितलं. कसं सांगितलं विचार. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “काजळदाणी माझ्या नातीची आहे. तिच्या आईनं दिलीय. कुणाला काही म्हणायचंय?” जणू इतके दिवस दुसरंच कुणी म्हणत होतं. माझी माफीबिफी मागितली नाही. पण त्या दिवसापासून नुबेतच्या डोळ्यांत मध त्या घालतात, मला वाकू देत नाहीत. डावा डोळा निवळतोय. काल तिनं बेसची जीभ बोटानं चाचपली नाही, लांबूनच बघून हसली. मी तिच्या कानात सांगून टाकलं हा कुणासारखा दिसतो ते. आजीकडं बघून बघून पोट धरून हसत होती. उजव्या डोळ्याचं मात्र कुणी सांगू शकत नाही. जाणतीनं हात वर केले.

सण उद्यावर आला. मला हल्ली तो चढ चढवत नाही, पण हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, थांबत थांबत जाईन. वडिलांचा जुना कागद धुऊन त्यावर लिहिलंय, त्यांच्या ओळी खालून अजून पुसट दिसतात. याच्यात तुझी सळई गुंडाळते आणि चित्राच्या पायाशी फटीत सारते. सळई तुझी तुला घे. काजळदाणी लेकीची. चौथी नळी रिकामी राहील. नुबेतनं विचारलं, आता त्यात काय भरायचं. मी म्हटलं, आई येऊन जाऊ दे, मग बघू. तेव्हा तू आता येणं भाग आहे. एकदाच ये, तिच्या स्वप्नात, टोपबीप न घालता, आपल्या विस्कटलेल्या केसांनी, आणि तोंड उघडून हस म्हणजे दात दिसेल. मी तिला दाताचं सांगून ठेवलंय. ती त्याच्यावरून ओळखणार आहे.

आणि हे सगळं आत्ताच का, तेही ऐक, नाहीतर म्हणशील हिला एवढ्या वर्षांनी भांडण उकरायला वेळ बरा मिळाला. सासूबाईंनी काल त्या दोन विटा गच्चीवरून खाली आणल्या. त्याच, तुझ्या. पुसून कोपऱ्यात ठेवल्यात आणि काजळदाणीवरचा बेस त्यांच्यावर उभा केलाय. माझे दिवस भरत आलेत, वाबेत. कुणाला बोलले नाही, पाशेदलाही नाही, पण मला भीती वाटते, काल रात्री त्या विटांकडं पाठ करून झोपले. या वेळी जे सांगायचं ते मी चार माणसांत मोठ्यानं सांगून ठेवलंय, कुणाच्या गळ्यात काही अडकणार नाही. पण नुबेतला तुझा चेहरा आठवत नाही, आणि उजवा डोळा असाच राहिला, डावाही गेला, तर माझा कुठून आठवेल? एका पोरीला दोनदा असं नको. मी विटांवर बसेन तेव्हा ये, मनगट धर, हवं तर तेव्हासारखं काळंनिळं होईस्तोवर धर. पण या वेळी तुझ्याकडं ओढू नकोस. इकडं लोट.

तुझ्याशी भांडायला अजून इथंच राहायचं असलेली,
तुझीच
हुनेरो